आमच्या घरचा धूर

माझे बाबा सरकारी नोकरीत धूर बघायचे. हे मी शाळेत सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग हसला आणि मला इतका राग आला की मी शेजारणीची वेणी ओढली. पण काम खरंच तेच होतं. नवा मध्य प्रदेश झाला, नवी खाती निघाली, आणि इंदूरच्या कापडगिरण्यांच्या धुराने लोकांची फुप्फुसं खराब होतात हे वरच्या कुणाला तरी पटलं. चिमणीतून काळा धूर ठरलेल्या मिनिटांपेक्षा जास्त वेळ निघाला की गिरणीला नोटीस, असा नियम आला. तो धूर बघायला बाबांना नेमलं.

त्यांच्याकडे पुठ्ठ्याचं एक कार्ड होतं. त्यावर सहा चौकोन, पहिला पांढरा, मग राखाडी होत होत शेवटचा काळा कुळकुळीत. गच्चीवर उभं राहून ते हात लांब करून कार्ड धरायचे आणि धूर कितव्या चौकोनाशी जुळतो ते लिहून घ्यायचे. सुट्टीच्या दिवशी मलाही न्यायचे. "कितवा?" असं विचारायचे. मी "चौथा" म्हटलं की स्वतः पुन्हा निरखून बघायचे आणि बहुतेक वेळा म्हणायचे, "तिसरा. धुरावर राग काढायचा नाही. आहे तेवढाच सांगायचा." दिवाळीत एका गिरणीकडून मिठाईचा डबा आला, तो त्यांनी न उघडता परत पाठवला. मी दोन दिवस तोंड फुगवून बसले होते.

आईची छाती नाजूक होती. चार पायऱ्या चढली की भिंतीला हात टेकून उभी राहायची. बाबा तिला म्हणायचे, "थोडी कळ काढ. चिमण्या ताळ्यावर आल्या की तुला मोकळा श्वास घेता येईल." ते मनापासून म्हणायचे. म्हणूनच मला त्यांच्यावर धड रागावताही येत नाही.

गल्लीत सगळ्यांकडेच सिगडी होती. सकाळी ती दाराबाहेर ओट्यावर ठेवायची, खाली गोवरीचे तुकडे, वर कच्चा कोळसा. धूर सरून कोळसे लाल झाले की मग सिगडी उचलून आत न्यायची. तोवर बायका ओळीने उभ्या राहून गप्पा मारायच्या. आईचा दिवसातला तेवढाच विसावा.

नोटीस मिळालेल्या एका गिरणीतला बाबू आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचा. एका सकाळी चहाच्या टपरीवर तो सगळ्यांदेखत बाबांना म्हणाला, "क्यों साब, हमारी चिमनी को नोटिस और घर की चिमनी को माफी?" टपरीवाला हसत म्हणाला, "भिया, पहले भाभीजी का चालान काटो!" सगळे खो-खो हसले. मीही हसले. बाबांना थट्टा कधी पचलीच नाही. अर्धा कप चहा तसाच टाकून ते घरी आले.

"उद्यापासून सिगडी आत पेटव," ते आईला म्हणाले.

"अहो, आत धूर कोंडेल ना."

"खिडकी लावून घे, म्हणजे बाहेर दिसणार नाही. लोकांना नोटिसा देतो मी. चार माणसांत तोंड दाखवायला नको?"

"बरं," आई म्हणाली.

ती भांडली असती तर किती बरं झालं असतं! पण मी कुरकुर केली तर उलट मलाच म्हणाली, "अगं, त्यांच्या इज्जतीचा सवाल आहे. आधा घंट्याची तर बात आहे." खिडकीची कडी वर होती आणि हात उंचावला की आईला खोकल्याची उबळ यायची. म्हणून रोज सकाळी स्टुलावर चढून मीच ती लावायची.

आईचा खोकला वाढत गेला. डॉक्टर आले तेव्हा बाबा म्हणाले, "गिरण्या फार जवळ आहेत हो." डॉक्टरांनी मान हलवली. मी दारात उभी होते. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. बाबा मात्र हातपाय गाळून बसले नाहीत. लालबाग राजवाड्याच्या बाजूला हवा बरी म्हणून तिकडे खोली बघायला लागले, गिरण्यांना जास्तच नोटिसा द्यायला लागले. घरातली एक खिडकी उघडायचं तेवढं राहून गेलं.

मी मॅट्रिकला होते त्या हिवाळ्यात आई गेली.

तेरावा झाल्यावर स्वयंपाकघर पांढरं करायचं ठरलं. भिंती रिकाम्या करताना बाबांनी सिगडीमागचं कॅलेंडर काढलं. मागे कॅलेंडरएवढीच चौकोनी पांढरी भिंत होती. बाकीच्या भिंतीकडे ते बघतच राहिले. मग आतून कार्ड आणलं आणि हात लांब करून धरलं.

"कितवा?" त्यांनी मला विचारलं.

मला लगेच दिसलं. शेवटचा होता.

"तिसरा," मी म्हणाले.

"नीट बघ."

"तिसराच आहे, बाबा."

ते पुन्हा निरखून बघतील म्हणून मी श्वास रोखून उभी होते. त्यांनी बघितलं नाही. "बरं," म्हणाले, आई म्हणायची अगदी तसं, आणि कार्ड खिशात ठेवलं.