सात दिवसांचा चार्ज आणि एक शुक्रवार

तुमचा चहा होईपर्यंत सांगूनच टाकतो. फजिती माझीच आहे, तेव्हा दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेली बरी. आमच्या मंदाकडून तर मुळीच ऐकू नका. ती अर्ध्यावरच हसायला लागते आणि शेवट राहूनच जातो.

तर मी म्हणजे खोकी वाचणारा माणूस. नोकरी मुंबईत, एका कंपनीच्या खरेदी विभागात. विकणारा जे सांगतो त्यात खरं किती आणि हवा किती, हे शोधणं माझं काम. ती सवय घरीही यायची. मिक्सरच्या खोक्यावर 'आयुष्यभराची गॅरंटी' दिसली की मी दुकानदाराला विचारणार, "आयुष्यभर म्हणजे कुणाचं? माझं, तुमचं की मिक्सरचं?" अशा वेळी मंदा शेजारच्या दुकानाच्या काचेत बघत उभी राहायची, जणू आमची ओळखच नाही. तिला तक्रार करायला जागाही नव्हती म्हणा. आमचं लग्न माझ्या मामांनी जमवलं ते हेच सांगून, की मुलगा फार चौकस आहे, घरातलं काही म्हणजे काही त्याच्या नजरेतून सुटत नाही.

मानपाड्याला आमच्या बिल्डिंगमध्ये माझा दरारा होता. कुणी इस्त्री आणली, कुणी टॉर्च आणला की खोकं आधी माझ्याकडे. "जरा बघा हो, फसवलं तर नाही ना?" मी चष्मा लावून सगळ्या बाजू वाचायचो. आता अशा माणसाची फजिती व्हायची म्हणजे ती केवढी व्हावी?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे फोन होता, लाल रंगाचा, गोल डायल फिरवायचा. तो हॉलमध्ये स्टुलावर आणि आमची आई आतल्या खोलीत पलंगावर. तिचे गुडघे पार गेलेले. फोन वाजला की ती उठणार, भिंत धरत धरत येणार, आणि हात लावणार तोच वाजायचा थांबणार. एकदा घाईत उंबऱ्याला अडखळून पडली. हाड वाचलं, पण माझा जीव अर्धा झाला.

त्यात बेबीचं टेन्शन. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण, मस्कतला दिलेली. तिला आठवा लागलेला. पहिलं बाळंतपण, तेही परदेशात, आणि आईला तर जिना उतरायची पंचाईत. बेबीच्या घरी फोन नव्हता. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून दर शुक्रवारी जावई तिला गाडीने बूथवर न्यायचे आणि आपल्याकडे दुपारचा एक वाजला की ती फोन करायची. पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांवर आईचा अख्खा आठवडा चालायचा. "पायांना सूज आलीय म्हणत होती, आता शुक्रवारी विचारते उतरली का," हे आम्ही सोमवारपासून ऐकायचो.

म्हणून मी ठरवलं, आईला कॉर्डलेस आणायचा. उशाशी ठेवायचा, उठायलाच नको.

ठाण्याला स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. खोक्यावर ठळक अक्षरात इंग्रजीत छापलेलं, मी तुम्हाला मराठीत सांगतो: 'एकदा चार्ज करा, सात दिवस बोला.' मी लगेच सरसावलो. सात दिवस म्हणजे रोज किती तास? बोलून की न बोलता? चार्जर कंपनीचाच की मागच्या गल्लीतला? तासाभराने दुकानदार म्हणाला, "साहेब, फोन घ्यायचाय की माझी परीक्षा घ्यायचीय?"

घेतला. शनिवारी संध्याकाळी स्वतः लावला. फोन ज्या ठोकळ्यावर ठेवून चार्ज करायचा त्याचा लाल दिवा लागला. आईने हळदकुंकू वाहिलं, बटणांना लागू नये म्हणून अगदी कडेला. बिल हरवू नये म्हणून मी ते डिंकाने खोक्यालाच चिकटवलं. मग जुना लाल फोन काढला आणि जाहीर केलं, "हे भंगार माळ्यावर टाका. आणि परत लावायचा नाही हं, एका लाईनवर दोन फोन लावले की नवा जळतो." हे मी कुठे वाचलेलं देव जाणे. पण घरात माझा शब्द म्हणजे शब्द.

पहिलाच शुक्रवार आला. मी ऑफिसात. दीडच्या सुमारास बेबीचा फोन.

"दादा, आई बरी आहे ना?"

"बरी आहे की. का गं?"

"खरं सांग. केव्हाची रिंग जातेय, कुणी उचलतच नाही."

"बाहेर गेल्या असतील दोघी."

"आई? बाहेर?"

तिचंही बरोबर होतं. मी म्हटलं, "काय विचारायचंय ते मला सांग, मी आईला विचारून ठेवतो." ती हळूच म्हणाली, "तुला कसं विचारू रे दादा?" आणि लाईन कट झाली.

आठला घरी पोचलो. बघतो तर ठोकळ्याचा लाल दिवा चालू, फोन उचलला तर टोन खणखणीत. आई म्हणाली, "वाजलाच नाही रे."

मंदा म्हणाली, "अहो, शुक्रवारी तर..."

"शुक्रवारी. तेच म्हणतोय मी," मी तिला तिथेच तोडलं. "चार्ज केला शनिवारी. आता मोज. शुक्रवार सातवा दिवस. सहा दिवस चालतो आणि सातव्या दिवशी मान टाकतो. सरळ एका दिवसाची चोरी आहे."

मंदाने पानात चटणी वाढली. आमच्याकडे शुक्रवारची चटणी फार फक्कड व्हायची. मी तिला किती वर्षं सांगत होतो, रोज अशी का करत नाहीस? ती आणखी चमचाभर वाढायची.

पुढच्या गुरुवारी मी संध्याकाळपासून फोन ठोकळ्यावरून कुणाला उचलूच दिला नाही. शुक्रवारी दीडला ऑफिसात पुन्हा बेबी. या वेळी ती बोललीच नाही, नुसती रडत होती. आई गेलीय आणि आपल्याला सांगत नाहीत, असं तिच्या मनाने घेतलेलं. मी शपथा घेतल्या. माझ्या शपथेने काय होणार? तिला आईचा आवाज हवा होता.

माझं डोकंच फिरलं. घरी आल्या आल्या ठोकळ्याला गाल लावून बसलो, गरम होतोय का बघायला. आईने विचारलं, "ताप आहे का त्याला?"

"आई, ह्याचा दिवा नुसता दाखवायला आहे. आत करंट जातच नाही. नकली चार्जर."

"अहो, पण शुक्रवारी..." मंदा पुन्हा म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. शुक्रवारीच पकडायला हवा ह्याला."

दुसऱ्या दिवशी फोन, ठोकळा, खोकं सगळं घेऊन ठाणं गाठलं. दुकानात पाचसहा गिऱ्हाइकं होती, मला तेवढी पुरतात. जाहिरातीतली फसवणूक ह्या विषयावर जे बोललो ते टेप करून ठेवायला हवं होतं. दुकानदाराने शांतपणे फोन लावला आणि तो लगेच वाजला.

"शनिवारी वाजणारच," मी म्हटलं. "हिंमत असेल तर शुक्रवारी माझ्या घरी या. तिथे वाजला तर इथेच, सगळ्यांसमोर तुमची माफी मागेन."

दुकानदार म्हणाला, "मी आमच्या म्हात्रेंना पाठवतो." म्हात्रे म्हणजे त्यांचे मेकॅनिक, आमच्याच बाजूला कोपरला राहायचे, पन्नाशीचे आणि अबोल. त्यांनी फक्त पत्ता लिहून घेतला. मानपाडा ऐकल्यावर काही तरी विचारणार होते, पण मी बोलत होतो ना.

शुक्रवारी रजा काढली. सकाळी कटिंग करून आलो, म्हात्रेंसमोर मांडायचे मुद्दे कागदावर काढले. अकराला आत जाऊन बघतो तर ठोकळ्याचा दिवा विझलेला. काय सांगू तुम्हाला, मला इतका आनंद झाला. रंगेहाथ पकडला. म्हटलं, "कुणी हात लावायचा नाही. पुरावा आहे."

आई पलंगावर बसलेली. मंदा स्वयंपाकघरात पाट्यावर काही तरी वाटत होती. थंडीचे दिवस, पंखा कुणाला हवाय? मी खिडकीशी खुर्ची टाकून बसलो.

साडेबाराला दारावर थाप पडली. म्हात्रे.

"बेल आहे की हो."

"दोनदा दाबली साहेब."

"बेलही बिघडली वाटतं," मी म्हटलं. "तिच्या खोक्यावर तर दहा वर्षं लिहिलेलं."

त्यांना आत नेलं, विझलेला दिवा दाखवला, कागद काढला आणि पहिला मुद्दा वाचायला लागलो. म्हात्रेंनी ठोकळ्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, पाट्याच्या आवाजाकडे कान दिला. मग म्हणाले, "साहेब, लाईट नाय."

"येईल हो. तर मुद्दा दुसरा..."

"पाचला येते," आई म्हणाली.

"कशावरून?"

"शुक्रवार ना आज. एमआयडीसीच्या कारखान्यांना सुट्टी, म्हणून दुरुस्तीला लाईन बंद ठेवतात. नऊ ते पाच नसतेच."

"दर शुक्रवारी?"

"आपण इथं राहायला आलो तेव्हापासून."

चौदा वर्षं. चौदा वर्षं मी सकाळी सातला घर सोडत होतो आणि आठला परतत होतो. शुक्रवारी कधी सणाची सुट्टी आली आणि लाईट गेली की मी म्हणायचो, ह्यांना नेमका सणच सापडतो. गुरुवारी संध्याकाळी मिक्सर घरघरायचा, टाक्या भरायच्या, इस्त्र्या व्हायच्या. मला वाटायचं गुरुवारी बायकांना उत्साह येतो. आणि ती शुक्रवारची चटणी. ती पाट्यावरची होती.

मी मंदाला म्हटलं, "मला सांगायचं नाही?"

"दोनदा सांगत होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तेच म्हणतोय मी. मला वाटलं, तुम्ही तेच म्हणताय. एकदा चार्ज केला की सात दिवस चालतो म्हणतात, मग लाईट नसताना का चालत नाही, हेच तुमचं भांडण आहे. मी तर म्हटलं, मुद्दा बरोबर आहे ह्यांचा."

म्हात्रेंनी खोकं हातात घेतलं, मी चिकटवलेल्या बिलाचं टोक नखाने उचललं आणि हळूच सोलून काढलं. खाली बारीक अक्षरात ओळ होती: वीज नसताना ह्या फोनवर बोलता येणार नाही. अख्ख्या खोक्यावर तेवढी एकच ओळ महत्त्वाची होती आणि तीच मी न वाचता डिंकाने बंद केलेली.

एवढ्यात म्हात्रे म्हणाले, "जुना फोन हाय का? त्याला लाईट लागत नाय. टेलिफोनच्या वायरीतूनच येतो त्याला करंट."

घड्याळात एकला दहा कमी. मी स्टूल ओढून माळ्यावर चढलो. पिंप, पातेली, गणपतीचं मखर, सगळं खाली काढलं. फोन नाही.

"वर नाहीये तो," आई खालून म्हणाली. "माझ्या कपाटात आहे."

तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात नीट गुंडाळून, साड्यांच्या मागे ठेवलेला. मी विचारलं, "लावला का नाहीस गं?"

"तू जळेल म्हणालास. आणि एवढ्या हौसेने आणलास माझ्यासाठी, तुला कसं सांगू की हा नको म्हणून?"

म्हात्रेंनी फोन हॉलमध्ये स्टुलावर लावला. वळून बघतो तर आई भिंत धरत बाहेर आलेली, फोनशेजारच्या खुर्चीत बसलेली. मंदाने मला हळूच सांगितलं, "मागचे दोन्ही शुक्रवार साडेबारापासून त्या नव्या फोनकडे बघत बसल्या होत्या. जेवल्याही नाहीत."

एकला दोन मिनिटं असताना लाल फोन वाजला. चौदा वर्षं ऐकलेला तो कर्कश आवाज, पण त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं.

"बेबी? अगं मीच. मीच बोलतेय. रडू नको, बरी आहे मी." आईने पदराने डोळे पुसले. "काही नाही गं, फोन बिघडलेला. दादाने आज रजा काढून, माणूस आणून दुरुस्त करून घेतला. फार करतो गं माझ्यासाठी."

हे ऐकलं म्हात्रेंनी. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही, एवढा भला माणूस. मग आई आवाज खाली आणून काही तरी विचारायला लागली, ते बायकांचं बोलणं होतं, म्हणून आम्ही दोघे गॅलरीत जाऊन उभे राहिलो.

शनिवारी ठाण्याला जाऊन माफी मागून आलो. शुक्रवारी फोन वाजला होता हे खरं, फक्त तो त्यांचा नव्हता. मी तेवढा मुद्दा मांडूनही बघितला, पण गिऱ्हाइकांना पटला नाही.

पण ते नंतरचं. त्या शुक्रवारी म्हात्रे चहा घेऊन गेल्यावर मी गुपचूप स्वयंपाकघरात जाऊन बसलो. मंदा पाट्यावरची चटणी वाटीत काढत होती.

"तुमच्या मामांनीसुद्धा खोक्यावर ठळक अक्षरात छापलेलं," ती म्हणाली. "घरातलं काही नजरेतून सुटत नाही. मीही मेली बारीक अक्षरं वाचली नाहीत."

"मग मला परत का नाही केलंस?"

तिने चटणीचा शेवटचा गोळा बोटाने निपटून माझ्या तळहातावर ठेवला.

"शुक्रवार सोडला," ती म्हणाली, "तर बरे चालता."