चार नंबर धुवायला गेलाय

कामठीहून पुण्याला निघाले त्या दिवशी आईने दोरीवर होतं नव्हतं ते सगळं माझ्या बॅगेत कोंबलं. घाईच तशी होती. ऑटोवाला दारात हॉर्न वाजवून राहिला होता आणि बाबा फाटकातून ओरडत होते, "गाडी काय तुमच्यासाठी थांबून राहणार आहे का?" खराडीच्या पीजीत बॅग उघडली, तर माझ्या दोन कुर्त्यांच्या मधून मोरपंखी रंगाचा फुटबॉलचा शर्ट निघाला. पाठीवर चार नंबर.

कामठीच्या आपल्या मोहल्ल्यातल्यांना वेगळं सांगायला नको, पण माझ्यासारखे बाहेर पडलेले कदाचित विसरले असतील. आपल्या क्लबाला कधी मालक नव्हता. मॅच संपली की एकेक शर्ट एकेका घरी धुवायला जायचा आणि पुढच्या मॅचला त्याच घरातलं कोणीतरी तो मैदानावर घेऊन यायचं. चार नंबर आमच्या घरचा. बाबा खेळायचे तेव्हापासूनचा. पुढे त्यांचा गुडघा गेला, शर्ट घालणारे पोट्टे बदलले, पण शर्ट आमच्या मोरीतून हलला नाही. तो धुवायचं काम माझं. छातीवर चिखल असला की गडी धडाधड बॉल अंगावर घेत होता, आणि नुसताच घाम असला की बिचारा पळाला खूप, बॉल काही मिळाला नाही, हे मला मॅच न बघताही कळायचं.

बाबांना फोन केला तेव्हा मला रडू आवरत नव्हतं. रविवारी मॅच, आणि चार नंबर आठशे-नऊशे किलोमीटरवर! बाबा आधी पोटभर हसले. मग म्हणाले, "राहू दे आता तिथंच. कोणी विचारलं तर सांगतो, धुवायला गेलाय."

पुण्यात माझं पहिलं घर म्हणजे निखिलचा हॉल. निखिल ऑफिसात माझ्याच टीममधला, जन्माने, वळणाने आणि जिभेने पुणेकर. शनिवारी संध्याकाळी आम्ही सात-आठ जण त्याच्याकडे इंग्लिश लीगच्या मॅचेस बघायला जमायचो. मॅच अर्धी, भांडण पूर्ण. निखिलचा लाडका क्लब एका परदेशी कंपनीने विकत घेतला होता आणि त्याचं त्याला कोण कौतुक. तो म्हणायचा, मालक आला म्हणून प्लेअर्स आले, नाहीतर बसले असते खालच्या डिव्हिजनमध्ये भजन करत. मी म्हणायचे, अरे, त्यांनी बिल्ला बदलला, रंग बदलला, तिकिटं अशी महाग केली की जुनी माणसं स्टेडियमबाहेर. उद्या कंपनीला कंटाळा आला की क्लब विकून मोकळी. त्यावर तो शांतपणे म्हणायचा, "वर्षा, तुझ्या कामठीच्या क्लबाचं आम्ही ऐकलंय. लीगमध्ये कितवा आहे म्हणालीस?" असा राग यायचा! पण चहा त्याच्याच घरचा, त्यामुळे गिळायचा.

त्याच भांडणातून आमची टीम निघाली. विदर्भातून आलेली काही मुलं, ऑफिसातले काही, आणि हडपसरचा संतोष, ज्याच्या घरच्यांची तिथं पिढ्यान् पिढ्या शेती होती. नाव मी ठेवलं, कन्हान इलेव्हन. माझ्या गावची नदी खराडीत आणून सोडली म्हणा ना. मॅनेजर मीच, आणि पहिल्या दिवसापासून नियमही माझाच: शर्ट घरी जाणार आणि घरीच धुतले जाणार. मुलांनी आधी खूप खेचली माझी. निखिलच्या आईने तर पहिल्या खेपेला शर्टाला खळ लावली, तो शर्ट पठ्ठ्या आपला आपण उभाच राहिला. वर मला विचारलं, "अहो मॅनेजर, आमचा निखिल खेळतो की नुसता लोळतो?" पण पुढच्या रविवारी त्या स्वतः मैदानावर हजर होत्या.

मग आम्ही खेळायचो त्या मोकळ्या प्लॉटवर बांधकामाचे पत्रे लागले आणि मैदान गेलं. संतोषचे चुलते बाळासाहेब बिल्डर. हडपसरला त्यांचं टर्फ होतं, प्लास्टिकच्या गवताचं, भाड्याने देतात तसलं मैदान. ते म्हणाले, दर रविवारी खेळा, नवे शर्टही देतो, फक्त टीमला माझ्या नव्या स्कीमचं नाव द्या आणि रंग आमच्या कंपनीचा घ्या. इतकी वर्षं टीव्हीवर बघून भांडलो, ते आता आमच्याच दारात. मुलांचं मन झुकलं होतं आणि त्यांचं चूक होतं असंही नाही. मैदानच नसेल तर नाव काय चाटायचंय? एरवी मालकांची बाजू घेणारा निखिलही त्या दिवशी माझ्याशी भांडला नाही. गाव सुटलंच होतं, आता इथं आणलेलं नावही जाणार होतं.

टर्फवर एकदा खेळून बघितलं, आणि खेळानंतर सगळे जमले तेव्हा बाळासाहेबांनी विचारलं, "कन्हान म्हंजे काय हाय?" मी म्हणाले, आमची नदी. ते हसले, म्हणाले, नदी ऱ्हाऊ द्या तिकडंच. झालं, माझं डोकं फिरलं. नुकत्याच संपलेल्या खेळाचा नऊ नंबरचा शर्ट तिथंच पडला होता, चिंब घामाचा, खांद्याला उसवलेला. तो उचलून मी त्यांच्यापुढे धरला.

"व्हा की मालक. पण आमच्यात क्लब ज्याचा, तो शर्ट घरी नेऊन धुतो. लाँड्रीत नाही, घरी. पुढच्या रविवारी घेऊन या, मग नावाचं बोलू."

बाळासाहेबांनी शर्टाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो गाडीत टाकून गेले. मुलं म्हणाली, संपलं, टर्फ गेलं. आठवडाभर कोणी माझ्याशी धड बोललं नाही.

रविवारी ते आले. हातात शर्टाची नीट घडी. म्हणाले, आईनं धुतला, मशीनवर तिचा भरवसा नाय. खांद्याला टाकाही तिनंच घातला. मग शर्ट कुणाच्या अंगात जातो ते बघायला थांबले. थांबले ते थांबलेच. दहा मिनिटांत रेषेवर उभे राहून ओरडत होते, "आरं ए नऊ नंबर, पळ की!" पोराने गोल मारला तेव्हा त्यांनी अशा ऐटीत चौफेर पाहिलं, जणू पास त्यांनीच दिला होता.

खेळ संपल्यावर मी म्हणाले, बोला, नावाचं काय करायचं? ते जरा घुटमळले.

"नाव तुमचंच ऱ्हाऊ द्या. रंगबी. फकस्त नऊ नंबर दुसऱ्या कुणाच्या घरी देऊ नका."

निखिल माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "छान. अशी ओनरशिप आमच्या टीव्हीवरच्या क्लबात नाही." पुणेकराच्या तोंडून ही कबुली! मी ती जपून ठेवली आहे.

पुण्याने मला पगार दिला, फ्लॅट दिला, टोमणे पचवायची ताकद दिली. आणि मी पुण्याला काही दिलं असेल तर हे: आज हडपसरपासून खराडीपर्यंत अकरा घरांच्या दोऱ्यांवर सोमवारी कन्हानचे शर्ट वाळत असतात. मला त्याचा गर्व आहे, का नसावा?

परवा बाबांशी बोलताना कळलं, मोहल्ल्याच्या क्लबाने नवे शर्ट शिवून घेतले. मी विचारलं, मग चार नंबर आता कोणाच्या घरी? बाबा म्हणाले, चार नंबर शिवलाच नाही. पोट्टे तीनवरून पाचवर जातात. समोरच्या टीमने विचारलं तर सगळं मैदान सांगतं, पुण्याला धुवायला गेलाय.

मग बाबांनी दर रविवारचा प्रश्न विचारला, "वाळला का वं शर्ट?"

समोर गॅलरीत तो दोरीवर होता, उगाचच पुन्हा धुतलेला. मोहल्लेवाल्यांनो, या दिवाळीला तो घेऊन येते. एक मॅच खेळवा त्याला. मग मळलेला शर्ट माझ्याच बॅगेत घाला, धुवायची पाळी अजून आमच्याच घरची आहे.