स्टिअरिंगवर लेकराचा हात

नोकरीत हाताळलेल्या बहुतेक गुन्ह्यांचे नंबर आता आठवत नाहीत. एका पांढऱ्या गाडीचा वास मात्र नाकातून जायला तयार नाही. नव्या सीटवरचं प्लॅस्टिक, झेंडूची फुलं, उदबत्ती आणि त्यात मिसळलेलं रक्त. ती गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी होती, तोवर मी माझ्या खोलीची मागची खिडकी उघडली नाही.

तेव्हा मी गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. धानाचा व्यापार करणारं एक खातंपितं कुटुंब नवी गाडी घेऊन तिथल्या जवळच्याच प्रतापगडला महादेवाच्या दर्शनाला गेलं होतं. परतताना जंगलातल्या वळणावर गाडी रस्ता सोडून मोहाच्या झाडावर आदळली. गाडीत व्यापारी, त्याची बायको, त्याचे वडील, पाचेक वर्षांचा मुलगा, मांडीवरची लहान मुलगी आणि ड्रायव्हर होते. मुलगा दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेला. बाकी सगळ्यांचं खरचटण्यावर, मुक्या मारावर निभावलं.

आम्ही पंचनामा करून ठाण्यात परतलो, तर ड्रायव्हर आमच्या आधी येऊन बाकावर बसला होता. सोबत व्यापाऱ्याचा माणूस. ठाणे अंमलदाराने नाव विचारायच्या आत तो हात जोडून म्हणाला, "मीच चालवून राहिलो होतो जी. माहीच चूक हाय. वानर आडवा आला."

गुन्हेगार असा आपणहून चालत आला की नव्या फौजदाराला आनंद होतो. जुन्याला शंका येते. खरा अपघात केलेला माणूस आधी घाबरतो, मग रडतो, मग रस्त्याला, सरकारला, समोरच्या गाडीला दोष देतो आणि सगळ्यात शेवटी आपल्यापर्यंत येतो. या माणसाने एवढा सगळा प्रवास एका दमात उरकला होता. तरी गुन्हा त्याच्याच नावावर लिहिला जाणार होता, कारण गाडीतली सगळी मोठी माणसं तेच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. "गाडी ड्रायव्हर नाई चालवत होता. त्या गरिबाले सोडा." एवढं बोलून फोन ठेवला. अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद केली आणि मला सांगितलं. मी गाडीकडे गेलो.

ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली होती. सीट सरकवायची खालची पट्टी शाबूत होती, म्हणजे धडकेने ती सरकली नव्हती. बाकावर येऊन बसलेला ड्रायव्हर बुटका. त्या सीटवर बसला असता तर त्याचा पाय क्लचपर्यंत पोहोचला नसता. सीट एवढी मागे कोण घेतं? ज्याचं पोट सुटलेलं आहे तो, किंवा ज्याला मांडीवर कुणाला तरी घ्यायचं आहे तो. शिवाय पट्टा सीटच्या मागून फिरवून खटक्यात अडकवलेला होता. पट्टा लावा, पट्टा लावा म्हणून गाडी कोकलते, ते बंद करायची ही आपल्याकडची अक्कल. गाडी बनवणाऱ्याने जीव वाचवायला बसवलेली वस्तू आपण तिचं तोंड दाबायला वापरतो.

डिकी उघडली. नारळ, प्रसादाची पिशवी, सतरंजी आणि त्या सगळ्याखाली लहान मुलांना गाडीत बसवायची खुर्ची. निळी. तिच्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं.

मी ड्रायव्हरला खोलीत बोलावलं, चहा दिला. तो कप उजव्या हाताने उचलत होता आणि डावा खांदा सारखा दाबत होता. मी म्हणालो, "शर्ट काढ."

"कायले जी?"

"काढ म्हटलं ना."

डाव्या खांद्यापासून छातीवर तिरपा काळानिळा पट्टा उमटला होता. गाडीतला एकटा शहाणा माणूस, त्याने पट्टा लावला होता. पण आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं आणि चालवणाऱ्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. डाव्या खांद्यावर वळ उमटतो तो शेजारी बसलेल्याच्या.

"तू डावीकडे बसला होतास," मी म्हणालो. "गाडी कोण चालवत होतं?"

त्याने शर्ट परत चढवला, गुंड्या लावल्या. मग म्हणाला, "सायेब, मालक म्हणाले, तू ड्रायव्हर हायेस, तुले जामीन लवकर भेटते. तुह्या घरचं आमी पाहू. मालकाचं पोरगं गेलं जी. त्याईले नाई कसं म्हणू?"

"आणि उद्या शिक्षा झाली, लायसन्स गेलं, तर तुझ्या घरचं कोण पाहणार?"

"माही पोट्टी त्याच्याच संगं खेळत होती," तो म्हणाला आणि तिथेच फुटला. मालकाच्या मुलासाठी त्या गाडीतला जो माणूस मनापासून रडला, त्यालाच त्याच्या मरणाचा आरोपी करायचं ठरलं होतं. माझं डोकं भडकलं.

व्यापाऱ्याला बोलावलं. नाकावर पट्टी, डोळे सुजलेले. सोबत त्याचे वडील आणि बायको. मी आवाज चढवला नाही. सीटची मांडणी सांगितली, ड्रायव्हरच्या खांद्याचा वळ सांगितला, आणि विचारलं, "मुलगा कुठे बसला होता?"

तो खाली बघत म्हणाला, "साहेब, मी धीरेच चालवत होतो. तो जिद करून राहिला होता. रडत होता. मांडीवर घेतलं. त्याला वानर दिसले आणि त्यानं एकदम स्टिअरिंग तिकडे फिरवलं. मी पकडलं तोवर झाड." मग मान वर करून म्हणाला, "मी बाप आहे. मी मारीन का त्याला?"

झाडाला धडक बसताच स्टिअरिंगमधली हवेची पिशवी बंदुकीच्या गोळीच्या वेगाने फुगली होती. मोठ्या माणसाचा जीव वाचवायला ती केलेली असते, आणि तिने तो वाचवला. बापाच्या नाकाचं कातडं निघालं. मधे मुलगा होता.

त्याच्या वडिलांचा मात्र ताठा उतरला नव्हता. मला म्हणाले, "आमच्या घराची रीत हाय सायेब. नवीन वाहन आलं, देवाले नेलं, का लहान लेकराचा हात लावाचा. बैलबंडी आली तवा या माह्या पोरानंच कासरा धरला होता, एवढासा होता. ट्रॅक्टर आला तवा पुतण्याले मांडीवर बसवलो. लेकराचा हात लागला का वाहन घरचं होते. आजवर काई झालं का?"

काही झालं नव्हतं, हे खरंच होतं. बैल समोर झाड दिसलं की आपणहून वळतो. ट्रॅक्टर बांधाबांधाने माणसाच्या चालीने जातो. बैलांच्या भरवशावर चालत आलेली रीत या लोकांनी डांबरी रस्त्यावर, इंजिनावर आणून बसवली, आणि गाडीला डोळे नसतात एवढं कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी ते त्यांना बोलून दाखवलं.

"मग डिकीतली ती खुर्ची कुणाची?" मी विचारलं.

तेव्हा पहिल्यांदा मुलाची आई बोलली. "माह्या भावानं आणली होती पुण्याहून. अंगणात एक डाव बसवलं त्याले. रडला. मामंजी म्हणाले, लेकराले पट्ट्यानं बांधाले तो का चोर हाय? उचलून डिकीत टाकली. त्या दिवशीबी मी म्हणत होती, खुर्ची काढा, खुर्ची काढा. हे म्हणाले, देवाले जाऊन राहिलो, कायले अपशकुन करतं?" मग तिने सरळ माझ्याकडे पाहिलं. "फोन मीच केली होती सायेब. माहं लेकरू गेलं. आता ड्रायव्हरच्या पोट्टीचा बाप काऊन नेता?"

नवरा तिच्याकडे असा पाहत राहिला, जणू ती घरातली नव्हतीच. मी तिचा जबाब लगेच नोंदवून घेतला. असे जबाब उद्यावर ठेवले तर रात्रीतून घरचे लोक त्यातले शब्द काढून घेतात.

ड्रायव्हरचं नाव साक्षीदारांत गेलं आणि बापाचं आरोपीत. आता कुणी म्हणेल, न्याय झाला. व्यापाऱ्याने ड्रायव्हरला त्याच आठवड्यात कामावरून काढलं. खोटं बोलायला तयार झाला तेव्हा तो घरचा होता, खरं बोलला तर निमकहराम झाला. गावाने बाईला नावं ठेवली, नवऱ्याला जेलात धाडणारी म्हणून. मुलाला मांडीवर घेणाऱ्याला कुणीच काही म्हटलं नाही. उलट मला भेटायला आलेली शहाणीसुरती माणसं म्हणायची, "साहेब, बापाचं प्रेम होतं हो, नशीब खराब." आणि बाहेर जाऊन आपलं लेकरू स्कूटरच्या पुढे उभं करून निघायची. मी खिडकीतून पाहायचो आणि दातओठ खायचो. दंड करून करून किती करणार?

मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. त्यांना आपण काय केलं ते ठाऊक असतं. या गुन्ह्यातल्या एकाही माणसाला आपण गुन्हा करतोय असं वाटलं नाही. प्रत्येकाला वाटलं आपण लाड करतोय. लेकरू रडतं, ते आपल्याला पाहवत नाही, म्हणून आपण पट्टा सोडतो. लेकराच्या जिवाशी हा खेळ चाललेला असतो आणि आपण त्याला माया म्हणतो. या प्रकरणाने मला शिकवलं ते इतकंच, आणि ते गोड नाही.

निकाल लागायला वेळ लागला. बापाला शिक्षा झाली, फार मोठी नव्हे. पण त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. कोर्टाने मुद्देमाल परत द्यायचा हुकूम केला, तेव्हा गाडी नेण्यासाठी व्यापाऱ्याचा माणूस आला. खुर्चीसाठी ती बाई स्वतः आली, आपल्या भावाच्या गाडीतून. ती माहेरी राहायला निघाली होती. ठाण्याच्या आवारातच तिने खुर्चीवरचं प्लॅस्टिक फाडलं, ती मागच्या सीटवर घट्ट बसवली, आणि लहान मुलीला तिच्यात ठेवून पट्टा लावला. मुलीने हातपाय झाडून सगळं ठाणं डोक्यावर घेतलं. माझे शिपाई बाहेर येऊन पाहू लागले.

भाऊच कळवळला, ज्याने ती खुर्ची आणली होती तोच. "ताई, आजच्या दिवस मांडीवर घे ना. किती रडून राहिली."

तिने पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"रडू दे भाऊ," ती म्हणाली. "रडून राहिली, म्हंजे हाय."

भावाने गाडी सुरू केली. फाटकापर्यंत त्या पोरीचं रडणं ऐकू येत होतं.