विहीणबाईंच्या हातातली वाटी

माझे जावई मेक्सिकोचे, इथे सिंगापुरात जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. बाळाचं बारसं नको, बाप्तिस्माही नको, मोठं झालं की त्याचं ते ठरवेल, असं त्यांचं आणि माझ्या लेकीचं ठरलेलं. आम्हा दोघी आज्यांना ते मानावं लागलं.

त्या दुपारी फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच होतो आणि बाळाला एकाएकी सडकून ताप भरला. माझ्या मांडीवर नुसतं मलूल पडलेलं, रडेनासुद्धा. त्याला डॉक्टरकडे न्यायला लेक ऑफिसातून टॅक्सीने निघाली होती. तेवढ्यात विहीणबाई वाटीत पाणी घेऊन आल्या.

मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "माझ्या आजीच्या वेळी सरकारने चर्चवर कडक कायदे लादले. पाद्री लपले, आजोबा बंदूक घेऊन डोंगरात लढायला गेले. त्यांना शोधत शिपाई अंगणात आले, तेव्हा आजीचं तान्हं तापाने फणफणलं होतं. बाळ मरणाच्या दारात असेल आणि पाद्री नसेल, तर घरच्यांनी डोक्यावर पाणी घातलं तरी बाप्तिस्मा होतो. पण शिपायांसमोर तिचा हातच उठला नाही. बाळ बाप्तिस्म्याविनाच गेलं. ती मरेपर्यंत रडली हो! मी घालू का पाणी?"

लेकीचं भय होतंच, पण खरं सांगते, हो म्हणणं म्हणजे बाळ जाणार असं मीच कबूल करणं, असं वाटत होतं. आणि नाही म्हटलं आणि काही झालं तर?

"पाणी कोमट आहे ना?" मी विचारलं आणि टोपडं काढलं.

डोक्यावर धार पडताच बाळाने टाहो फोडला. ताप भरल्यापासूनचं ते पहिलं रडणं. विहीणबाईंनी वाटी ठेवली आणि माझ्या हातातलं टोपडं घेऊन त्याचं डोकं टिपलं.