नदीकाठचा प्लॉट

उसाला तुरे आले, सकाळचं धुकं कृष्णेवरून वर सरकू लागलं, की ती केस अजून डोळ्यांपुढे उभी राहते. मी निवृत्त झालो, पण तो ऊस काही माझी पाठ सोडत नाही.

तेव्हा मी मिरजेजवळच्या औद्योगिक वसाहतीच्या पोलीस ठाण्यात होतो. तिथल्या एका रसायन कंपनीच्या संशोधनप्रमुखांनी तक्रार दिली. त्यांनी उसाच्या वाढीचं औषध बनवलं होतं आणि हुबेहूब तेच साताऱ्याकडच्या कंपनीने बाजारात आणलं. संशय प्रयोगशाळेतल्या एका बाईंवर होता. त्यांनीच फॉर्म्युला फोडला म्हणून त्यांना घरी बसवलं होतं. नवरा फौजेत, लांब. चौकशीला त्यांच्यासोबत सासरे यायचे आणि बाकावर डोळे मिटून बसायचे. सुनेवर विश्वास ठेवावा की नाही, हे त्या म्हाताऱ्याला ठरवता येत नव्हतं. मला ते बघवत नसे.

खबर आमच्या हवालदाराने आणली. नदीकाठच्या एका मळ्यात बाई आणि त्या दुसऱ्या कंपनीचा माणूस एकाच बांधावर दिसले होते. मी जबाब घ्यायला बसलो.

"ताई, तिथं कशाला जात होता?"

"सरांनीच पाठवलं होतं. तो त्या दुसऱ्या कंपनीचा प्रयोगाचा प्लॉट आहे. तिथली पानं आणायची, तपासायची आणि त्यात जे सापडेल त्यावरून आपलं औषध बनवायचं. आमचा विभाग असाच चालतो, साहेब. समोरचे काय करतात ते बघायचं, मग आपण काय शोधायचं ते ठरतं."

खोटं बोलणारा माणूस माझा चेहरा न्याहाळत बोलतो. बाई खिडकीबाहेर बघत रडत होत्या.

मग दुसऱ्या कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो चकितच झाला. "आमचा कुठला? तो तर ह्यांचा प्लॉट! आम्हीच तिथली पानं न्यायचो."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमुख, बाई आणि सासरे यांना घेऊन मी मळ्यावर गेलो. धुक्यात तो हिरवागार ऊस, तुऱ्यांवर दव. स्वप्नात चालल्यासारखं वाटत होतं. मळ्याचे मालक फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते.

"सुभेदार, ह्याला औषध कुठल्या कंपनीचं?"

"औषध? न्हाई वं. पुरानं गाळ आणून टाकला, तवापासनं आसाच येतोय. ह्या ताई आन् त्यो दुसरा मानूस, दोघंबी पानं न्यायची. मला वाटलं, ऊस लय आवडलाय."

मी पोट धरून हसलो. दोन्ही कंपन्यांनी एकाच उसाची पानं तपासली, म्हणून औषधं सारखी निघाली. एकमेकांची नक्कल करतोय असं समजून दोघांनी नदीच्या गाळाची नक्कल केली होती. चोरी झालीच नव्हती.

प्रमुखांनी तिथंच तक्रार मागे घेतो म्हणून सांगितलं. बाईंना उद्यापासून या म्हणाले. आणि लगेच, सवयीनं, "पण मॅडम, आता ते पुढं काय करतील?"

ठाण्यात कधी तोंड न उघडलेले सासरे पुढे झाले. "आवं सायेब, त्येंचं ऱ्हाऊ द्या. तुमी काय करायचं, ते माझ्या सुनंला इचारा की."

मीही उभा जन्म लोकांवर पाळत ठेवण्यात घालवला. त्याआधी एकदा सरळ जाऊन विचारावं, हे मी त्या बांधावर शिकलो.

बाई मूठभर गाळ घ्यायला सरीत उतरल्या. सासरे त्यांच्या चपला हातात धरून बांधावर उभे होते.