माहिती देणारी

सरांनी माझी बाही कोपरापर्यंत वर सारली. हात उचलून पाहुण्यांना गोंदण दाखवलं. म्हणाले, "बघा, अजून टिकून आहे."

नंदुरबारच्या कॉलेजातला एम.ए.चा वर्ग. समाजशास्त्र. बाहेरगावचे प्राध्यापक आले होते. त्यातल्या एकानं मोबाइल काढला. सर म्हणाले, तुमच्या भाषेत काहीतरी बोल. मी पावरीत बोलले. सगळे हसले, छान म्हणाले.

मी म्हणाले होते, हात सोडा.

पीएचडीसाठी त्यांच्याकडेच जावं लागलं. धडगावकडच्या आमच्या पाड्यांवर मला लिहायचं होतं. सरांनी मान वर न करता सांगितलं, "तू माहिती देत जा. लिहायचं आमची मुलं बघतील."

ठरवलं. जिथं या माणसाची सही लागत नाही, तिथं शिकायचं.

लोक विचारतात, परदेशातच का? शिष्यवृत्तीच्या मुलाखतीतही विचारलं. मी पाठ केलेलं बोलले. मोठी ग्रंथालयं, नामवंत मार्गदर्शक. खरं कारण फक्त आईला सांगितलं. ती धडगावला जीपपर्यंत आली होती. परत येऊन त्याच्यासमोर उभी राहशील ना, एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हणाले.

इंग्लंडात मार्गदर्शक बाईंनी विचारलं, कुणाचा अभ्यास करणार? आमचा अभ्यास करणाऱ्यांचा, मी म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

या हिवाळ्यात सरांच्या बंगल्यावर गेले. सर खूश. आमची विद्यार्थिनी परदेशात असते, असं शेजाऱ्यांना सांगून झालं. रेकॉर्डर लावू का विचारलं, तर लगेच हो म्हणाले. तेवढ्यात, कोण आलंय म्हणून, आतून त्यांच्या बायकोनं विचारलं, "कोन उनं शे?"

सर घरच्या अहिराणीत म्हणाले, "कोनी नही. आदिवासीनी पोर शे."

मग त्यांचं लक्ष रेकॉर्डरच्या लाल दिव्याकडे गेलं. चेहरा उतरला. तेवढं काढून टाक म्हणाले. मी रेकॉर्डर चालूच ठेवला. मग मला बेटा म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"तुमचं नाव बदलीन, सर," मी म्हणाले. "वाक्य तसंच राहील."

प्रबंध इंग्रजीत आहे. तो तिकडच्या कपाटात पडून राहील, हे सरांना माहीत आहे. म्हणून मी तो मराठीतही लिहितेय. त्यांच्या विद्यार्थ्यांना वाचता येईल असा. त्यांच्या नातवंडांना वाचता येईल असा. सर माफी मागायला आले, तर बसायला खुर्ची देईन. माफी देणार नाही.