दिनूनं काढलेले माझे फोटो

बंगळूरहून तार आली तेव्हा मी ती न वाचताच खिशात घातली. तिथं माझा चुलतभाऊ दिनू शास्त्रज्ञ. त्याची तार म्हणजे नवा मानसन्मान. म्हटलं, आधी सुखानं जेवू, मग जळू. जेवलो, वर ताकही प्यालो. हात पुसून तार उघडली, तर दिनू गेला होता...

पूर्ण्यात आम्ही एकाच घरात वाढलो. साय मात्र माझी आई त्याच्याच ताटात वाढायची. त्याला डोकं चालवायचं होतं ना. मला पुढं स्टेशनात मालाच्या पावत्याच फाडायच्या होत्या. नोकरी लागल्यावरही तो दर दिवाळीला यायचा. नामांतरावरून रस्ते बंद असले तरी हा रेल्वेनं हजर, आणि आई सकाळपासून दारात. माझी ड्यूटी कधी सुटते, हे तिला शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं.

एकदा मी चिडून विचारलं, "तू तिथं करतोस तरी काय?"

"जिवंत उंदराच्या मानेतली एक मज्जापेशी बघायलोय. तिच्यात रंग भरायचा, फोटो काढायचा, टाके घालून उंदीर सोडायचा. तीन महिन्यांनी तीच पेशी पुन्हा."

"तीच कशी सापडती?"

"भोवतालच्या रक्तवाहिन्यांच्या वळणांवरून. मग दोन्ही फोटो शेजारी ठेवायचे. काही फांद्या वाढलेल्या, काही आखडलेल्या. पेशींचे जोड बदलत राहतात, बाबा. मेंदूतही तसंच असणार, पण तिथं अजून हात पोचला न्हाई."

शेजारी ऐकत बसलेल्या आईला काही कळलं नव्हतं, पण चेहरा कौतुकानं फुललेला. मी म्हणालो, "उंदरं आमच्या गोदामात रगड हायेत."

दिनू हसला. मला हौदाजवळ उभं करून त्यानं फोटो काढला. पुढं दर दिवाळीला तसाच, त्याच फरशीवर. मी म्हणायचो, "टाके तेवढे घालू नको."

तेराव्यानंतर दिनूच्या बायकोनं, वहिनींनी, ते सात फोटो पाठवले. मी पत्त्यांसारखे मांडले. केस मागं हटलेले, पोट पुढं आलेलं. मला एकच भीती होती, की दिनूसाठी माझ्यापाशी हेव्यापलीकडं काहीच नसावं. तसं बायकोला बोललोही, "बघ, आयुष्यभर जळणारा मानूस कसा दिसतो."

तिनं एकेक फोटो उजेडात धरला. "जळणारा मानूस असा हसतो व्हय? सातही फोटोत दात दिसायलेत. माझ्या शेजारी उभं राहून असं हसलेला एक तरी फोटो दाखवा... जळायला तर मी पाहिजे होतं."